लांब उभी राहणारी पोरगी

पी.टी.च्या मास्तराने आयुष्यभर केलं काय, असं विचारलं तर लोकांना एवढंच आठवतं की हा शिट्टी वाजवायचा आणि पंधरा ऑगस्टला कवायत घ्यायचा. तेही केलंच. पण साऱ्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा काय ओरडलो असेन, तर "लांब जा." बायको म्हणते, दुपारी डोळा लागला तरी तेच ओरडता, आणि मग घरातलं मांजर उठून जातं.

मी मुलींना फुटबॉल शिकवायचो. अकोल्याहून अकोटकडे जाताना लागणाऱ्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं अजून तिथेच आहेत. मी मूळचा अमरावतीचा. आमच्या घरी फुलांचा आणि भाजीपाल्याचा धंदा, त्यामुळे वाफे, पाट आणि पहाटेचा बाजार एवढीच शेती मला ठाऊक. कपाशीशी माझा संबंध उशीपुरता. नोकरी लागली ती मात्र भर कपाशीच्या मुलखात, आणि या अज्ञानाने मला पुढे चांगलंच गोत्यात आणलं.

आधी खेळाबद्दल थोडं सांगतो, ज्यांनी कधी फुटबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी. नवशिक्या पोरांपुढे बॉल टाकला की सगळी पोरं बॉलकडे धावतात. आपली अकरा आणि समोरची अकरा, सगळी एका कोपऱ्यात. धूळ उडते, नडग्या फुटतात, आणि बॉल कुणालाच सापडत नाही. त्याच वेळी मैदानाची दुसरी बाजू ओस पडलेली असते. तिथे एखादी गाय येऊन बसली तर तिला कुणी उठवणार नाही. शिकवायचं ते इतकंच, की गर्दी डावीकडे झाली की मान वर करायची, उजवीकडे पाहायचं, आणि एक लांब पास मारून बॉल पार पलीकडे पाठवायचा. समोरच्यांना धावत तिथे पोचायला वेळ लागतो, तोवर आपला खेळाडू गोलाकडे निघालेला असतो. याला आम्ही बाजू बदलणं म्हणायचो.

ऐकायला सोपं आहे. पण याला दोन माणसं लागतात. एक, गर्दीत मान वर करून लांब मारणारी. आणि दुसरी, पलीकडे एकटी उभी राहणारी. पहिली तयार करायला मला सहा महिने लागत. दुसरी तयार व्हायला दोन वर्षं लागत, आणि पुष्कळदा ती व्हायचीच नाही. बॉल इकडे, मैत्रिणी इकडे, आरडाओरडा इकडे, आणि आपण तिकडे रेषेजवळ एकटं उभं राहायचं. अर्धा अर्धा तास बॉलला पाय लागत नाही. लाज वाटते, राग येतो. पण ती तिथे उभी असते म्हणून समोरच्यांच्या दोघींना तिच्यापाशी थांबावं लागतं, आणि तेवढी इकडची गर्दी कमी होते. हे काम मैदानाबाहेरच्या माणसाला दिसत नाही.

माझं मैदान मात्र या कामासाठी नामी होतं. पणजोबांच्या काळात तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला असा भाव चढला की गावोगावची माणसं हवेत चालायला लागली. त्या तेजीत कोण्या शेटने कापसाच्या गाड्या उभ्या करायला ही जागा घेतली होती म्हणतात. शेट गेला, तेजी गेली, जागा फिरत फिरत शाळेकडे आली. बैलगाड्यांच्या रांगा लागतील एवढी ती रुंद होती. बाजू बदलायला रुंदी लागते, आणि ती मला फुकटात मिळाली होती.

आता माझा स्वभाव. मी घाबरट माणूस आहे. मॅचच्या दिवशी मुली शिदोऱ्या सोडून पोटभर जेवायच्या आणि मी माझा डबा तसाच परत न्यायचो. मैदानावर मुली अकराच आहेत ना, हे मी दर पाच मिनिटांनी मोजायचो. बुटाची नाडी सुटली असेल, पाणी संपलं असेल, एसटी चुकेल, रेफरी कावेल, असं काहीतरी मला सतत दिसत असायचं. चेहऱ्यावर दाखवायचो नाही. मिशी होती, तिचा उपयोग झाला.

पहिली अडचण आमच्या हेडमास्तरांची. शिस्तीचा माणूस, आणि कुणी नुसतं उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. एका संध्याकाळी सराव पाहायला आले.

"ते उजवीकडली पोरगी काय करून राहिली?"

"उभी आहे, सर."

"ते मले दिसून राहिलं. काहून उभी आहे?"

"बॉलची वाट पाहते."

"मंग बॉलकडे जात काहून नाही?"

मी पाव तास समजावलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर एक टोपलं आलं आणि निरोप आला, की ती पोरगी तशीबी रिकामीच असते, तोवर तिकडचे गोटे वेचायला लावा.

ती पोरगी म्हणजे रेखा. तेव्हा नववीत. साऱ्या शाळेत तिच्याइतकं कुणी पळत नसे, म्हणून मी तिला उजव्या रेषेवर ठेवली होती. टोपलं आलं तेव्हा ती हसली आणि खरंच गोटे वेचले. पण बॉल डावीकडे गेला की पाचव्या मिनिटाला ती टोपल्यासकट गर्दीत. एकटी तीच नव्हे, सगळ्याच. मी मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेषा मारल्या, पोरींच्या कमरेला दोऱ्या बांधून पाहिल्या, शिक्षा करून पाहिली. काही चाललं नाही.

मग कापसाची वेचणी सुरू झाली आणि सरावाला निम्म्या मुली यायच्या बंद झाल्या. मी चरफडत एका सकाळी त्यांना आणायला शेतात गेलो. आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, थांबलो.

वीस-पंचवीस बाया आणि पोरी वावरात पसरल्या होत्या. पार या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, सारख्या अंतरावर. प्रत्येकीपुढे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांच्या, तिच्या ठरलेल्या ओळी. कमरेला झोळी, दोन्ही हातांनी वेचत सगळ्या एका चालीने पुढे सरकत होत्या. कुणी कुणाच्या ओळीत जात नव्हतं. माझ्या मुलीही त्यात होत्या, आणि ज्यांना मी दोरीने बांधून लांब ठेवू शकलो नव्हतो त्या इथे आपण होऊन लांब होत्या.

"हे कसं काय?" मी रेखाच्या आईला विचारलं. वेचणाऱ्या बायांची ती म्होरकी होती.

"ज्याची त्याची पात धरली आहे मास्तर," ती मान वर न करता म्हणाली. "पात सोडून दुसऱ्याच्यात घुसलं तं काम कसं होईन?"

मी जवळजवळ पळतच शाळेत आलो. दुसऱ्या दिवशी मैदानावर लांबीच्या दिशेने फक्कीच्या पाच पाती आखल्या आणि मुलींना म्हटलं, ही तुझी पात, ही तुझी. बॉल कुठेही असो, आपली पात सोडायची नाही. दोन आठवड्यांत टीम अशी पसरली की मला स्वतःचा हेवा वाटायला लागला. मधल्या पातीत चंदा नावाची पोरगी होती, तिची किक साऱ्या मैदानापलीकडे जायची. डावीकडे बॉल अडला की चंदा मान वर करायची आणि बॉल रेखाच्या पायात. अमरावतीच्या व्यायामाच्या कॉलेजात मला जे शिकवलं होतं ते इथे एका बाईने एका वाक्यात सांगितलं होतं. पण तिने अर्धंच सांगितलं, आणि उरलेलं विचारायची अक्कल मला नव्हती.

ते कळलं पुढल्या वर्षी, अकोल्याला जिल्ह्याच्या मॅचमध्ये. डावीकडे बॅकला, म्हणजे मागे बचावाला, आमची मंगला होती. जिवाची चांगली, पण पाय जड. समोरच्यांनी ते पाहिलं आणि सगळा जोर तिच्यावर काढला. मंगला एकदा चुकली, दोनदा चुकली. आणि तिसऱ्यांदा पाहतो तर माझ्या टीममधल्या सगळ्या पोरी आपापली पात सोडून मंगलाकडे पळत होत्या. रेखा सर्वांत पुढे. चंदाने मान वर केली तेव्हा उजवीकडे कुणी नव्हतं. मी ओरडून घसा बसवला. आमचं नशीब की एक गोल आधीच झाला होता, आणि तो पुरला.

मॅच संपल्यावर मी रेखाला उभी केली. "पात सोडायची नाही हे किती वेळा सांगितलं?"

"पण सर, मंगलाची पात मागं राह्यली होती," ती म्हणाली.

"मग?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला एवढंही कसं कळत नाही, असं काहीसं तिच्या तोंडावर होतं. "जिची मागं राह्यते तिले सगळ्यायनं हात लावाचा असते ना सर. नाही तं ते एकटी पडते. आपली सरली का आपण धुऱ्यावर बसून पाहावं का तिच्याकडे?"

हे ते उरलेलं अर्धं. वेचणीत आपली पात संपली की मागे राहिलेलीच्या पातीत शिरायचं आणि सगळ्यांनी मिळून ती पुरी करायची. शेतात हाच शिरस्ता आणि तो चांगलाच आहे. मी पात शिकवली तेव्हा पोरींनी ती सगळी घेतली होती, मी माझ्या सोयीचा तुकडा तेवढा पाहिला होता.

आता मला त्यांच्याकडून ही माणुसकी काढून घ्यायची होती. दुसरा शब्द सापडत नाही. पुढचे दोन महिने मी रोज एकच सराव घेतला. मंगलाच्या अंगावर चौघी सोडायच्या आणि बाकीच्यांना सांगायचं, तिच्यापासून लांब जा. तुम्ही जवळ गेलात की तुमच्यामागे समोरच्याही जवळ येतात, मंगला आणखी कोंडते. तुम्ही लांब गेलात की त्यांना पसरावं लागतं, तिला श्वास मिळतो. डोक्याने त्यांना पटायचं, पायांना पटायचं नाही. मंगला एकदा मैदानातच रडायला लागली आणि रेखाशी आठ दिवस बोलली नाही. म्हणाली, "मी मरून राहिली होती अन् तू तिकडं उभी होती."

पण रेखा शिकली. सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत पक्कं. डावीकडे काय वाटेल ते होवो, ती उजव्या रेषेला बूट लावून उभी. फक्त हाताच्या मुठी आवळलेल्या असायच्या. तेवढं मी पाहिलं होतं.

मग एक दिवस तिची आई शाळेत आली. मला वाटलं, वेचणीला पोरी सोडा म्हणून सांगायला आली असेल.

"मास्तर, तुमी पोरीले काय शिकवून राहिले?"

"का, काय झालं?"

"काल तिनं आपली पात सरवली अन् धुऱ्यावर जाऊन उभी राह्यली. म्हातारी कौतिकाबाई मागं एकटी वेचून राहिली होती, तिच्याकडं हे नुसती पाहे. मी म्हटलं, जा ना वो, तं म्हणते कशी, मी जवळ गेली तं गर्दी होते. साऱ्या बाया तोंडाकडे पाहत राह्यल्या माह्या."

मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. मी म्हटलं, ते खेळापुरतं आहे, तिला समजावतो. ती बसली नाही. जाताना मूळ मुद्द्यावर आली.

"हे पाहा मास्तर. दहावी होते तिची यंदा. पुढचं कॉलेज अकोल्यात, रोजचं जाणंयेणं आमच्यानं होत नाही. तुमी म्हणता अमरावतीच्या होस्टेलात खेळणाऱ्या पोरीले घेते. राहाचं, खाचं, शिकाचं तिथंच. तिथं नंबर लागला तं मी पाठवतो, कोणी काही म्हणो. नाही लागला तं हे खेळणं बंद अन् शाळाबी बंद. मंग तुमी माह्या दारात येऊ नका."

मी हो म्हटलं. त्या दिवसापासून माझी झोप गेली, कारण एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. होस्टेलची निवड विभागाच्या मॅचमध्ये व्हायची. निवड करणारे गृहस्थ एका बाजूला तंबूत बसायचे आणि चांगल्या खेळल्या त्या मुलींच्या नावापुढे खूण करायचे. चांगलं खेळणं म्हणजे काय? बॉल पायात असणं. आणि मी रेखाला दोन वर्षं बॉलशिवाय उभं राहायला शिकवलं होतं. साऱ्या टीममधली सर्वांत गुणी पोरगी मी अशा जागी नेऊन ठेवली होती जिथे ती कुणाला दिसणार नव्हती.

विभागाची मॅच अमरावतीला होती, म्हणून आदल्या रात्री आमच्या घरी मुक्काम. सकाळी माझ्या आईने सगळ्या पोरींना पोहे केले आणि वेणीत माळायला शेवंती दिली. रेखाने फूल घेतलं नाही, पळताना पडते म्हणाली. मी पोह्यांना हात लावला नाही.

मैदानावर गेलो आणि आधी तंबू शोधला. तंबू आमच्या डाव्या बाजूला होता. म्हणजे पूर्ण पहिला हाफ रेखा पलीकडच्या टोकाला, तंबूपासून सर्वांत लांब.

मॅच सुरू झाली. समोरची टीम दांडगी होती. त्यांनी अपेक्षेप्रमाणे मंगलाच्या बाजूने जोर लावला. पण आमच्या पोरी हलल्या नाहीत. मंगला लढत होती, चंदा पुढेमागे धावत होती, आणि पार तिकडे रेखा रेषेला बूट लावून उभी होती. समोरच्यांच्या दोन मुली तिच्याजवळ अडकून पडल्या होत्या. त्यांना तिला सोडायची भीती वाटत होती. चंदाने दोनदा लांब पास मारला. एकदा वाऱ्याने बाहेर गेला. दुसऱ्यांदा रेखाला मिळाला, ती दोघींना मागे टाकून निघाली आणि तिचा बॉल खांबाला लागून परत आला. एवढंच. बाकी सारा वेळ ती उभी. खेळ असा की आम्ही हरत नव्हतो, आणि वाट पाहिली तर जिंकणार होतो. हे मला तेव्हाही कळत होतं.

पण माझं लक्ष खेळाकडे नव्हतं. मी तंबूकडे पाहत होतो. तिथले गृहस्थ काहीतरी लिहीत होते. माझ्या मनात एकच, की ते चंदाचं लिहीत असतील, फार तर मंगलाचं. एकदा त्यांनी शेजारच्या माणसाला उजवीकडे बोट दाखवून काही विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण हेडमास्तरांचा प्रश्न आठवला. ती पोरगी काय करून राहिली?

हाफटाइम झाला. आता टीमच्या बाजू बदलणार होत्या. म्हणजे उजवी रेषा बरोबर तंबूसमोर येणार होती, आणि रेखा आता त्या गृहस्थांच्या नाकासमोर अर्धा तास नुसती उभी राहणार होती. ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी धीर सोडला. मी रेखाला बाजूला घेतलं.

"आता तू मधे खेळ. डावीकडे सरक. बॉलजवळ राहा."

"काहून सर?"

"मी सांगतो म्हणून."

"मंग उजवीकडं कोण राह्यते?"

"कोणी नाही."

"चंदा बॉल कुठं मारन मंग?"

मी आवाज चढवला. "जा म्हटलं ना."

"मी तिथंच बरी होती सर," ती हळू म्हणाली. आणि गेली, कारण ऐकायची सवयही मीच लावली होती.

पुढचं लवकर सांगून टाकतो. रेखा डावीकडे सरकली तशा तिच्यामागे त्या दोन मुलीही सरकल्या. डावीकडे जिथे सहा-सात जणी होत्या तिथे दहा झाल्या. आपली एक पोरगी हलली हे पाहून आमच्या बाकीच्याही पाती सैल झाल्या, आणि मंगलाभोवती तीच जुनी धूळ उडायला लागली. त्या धुळीत एकदा बॉल चंदाच्या पायात आला. तिने सवयीने मान वर केली आणि उजवीकडे पाहिलं. तंबूसमोरची सगळी जागा मोकळी होती आणि तिथे कुणी नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात बॉल गेला. आम्ही दोन गोलांनी हरलो.

ज्या चुकीसाठी मी पोरींना दोन महिने रडवलं, तीच मी केली. एकीची पात मागे राहतेय असं मला वाटलं आणि मी धावत सुटलो.

संध्याकाळी यादी वाचली. आमच्या टीममधून चंदाचं एकटीचं नाव होतं. सगळे पांगल्यावर मी तंबूत गेलो. ते गृहस्थ कागद आवरत होते. मी म्हटलं, आमची एक रेखा म्हणून मुलगी आहे, उजवीकडे खेळते, तिला एकदा पाहिलंत तर.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सात नंबर? तिला पाहिलंय मी. पहिल्या हाफमध्ये तिच्या नावापुढे खूण केली होती. चंदाच्याही आधी." त्यांनी कागद काढून दाखवला. खूण होती, आणि तिच्यावर आडवी रेघ होती. "ती मुलगी अर्धा तास जागची हलली नाही आणि समोरच्यांच्या दोघी तिने अडकवून ठेवल्या. या वयात हे कुणाला जमत नाही. मी शेजारच्यांना बोटाने दाखवलं ते. म्हटलं, सेकंड हाफला इकडे तंबूसमोर येईल तेव्हा नीट पाहू. तर तुम्ही तिला नेऊन गर्दीत घातलं. मग ती दिसलीच नाही. मला वाटलं, पहिल्या हाफचं ते उभं राहणं योगायोगाचं असेल." कागद परत ठेवत म्हणाले, "तुम्ही तिला हलवलं कशाला?"

मी म्हटलं, भ्यालो. यादी पुढे गेलेली होती.

परतीच्या एसटीत रेखा माझ्या मागच्या बाकावर होती. बडनेरा गेल्यावर तिने विचारलं, "सर, मी कुठं चुकली?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "होतं असं. खेळ आहे."

स्टँडवर तिची आई आली होती. "लागला का नंबर?" मी म्हटलं, चंदाचा लागला. "बरं झालं चंदाचं," ती म्हणाली, रेखाच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी चालायला लागल्या. वर्षभराने गावातल्याच एका घरी रेखाचं लग्न झालं. चंदा होस्टेलात राहून शिकली, आता वाशीमकडे पी.टी.ची बाई आहे. मी त्यानंतर पुष्कळ टीम केल्या, त्यातल्या काही जिंकल्याही, आणि कुठल्याच पोरीला मी हाफटाइमला जागची हलवली नाही. पण गाव लहान. रेखा रस्त्यात दिसायची, डोक्यावर भारा असला तरी थांबून "नमस्कार सर" म्हणायची. मी मान हलवून पुढे जायचो. निवृत्त होईपर्यंत असंच चाललं.

मासिकाच्या या अंकासाठी हे लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आलं, की हे तिने छापलेलं वाचण्याआधी मी सांगायला हवं. म्हणून गेल्या महिन्यात त्या गावी गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. मी बसलो आणि सगळं सांगितलं. तंबूतल्या गृहस्थांचे शब्द जसेच्या तसे. तिने सूप खाली ठेवलं.

"त्यायनं खूण केली होती?"

"हो."

"माह्या नावापुढं?"

"चंदाच्याही आधी."

ती तुरीत बोटं फिरवत बसली. मी माफी मागत होतो, ती तिच्या कानावर गेली की नाही कोण जाणे.

"तुमी मले हलवलं त्याचं काही नाही सर," शेवटी ती म्हणाली. "तुमी भेले असान. माणूस भेते. पण हे तवाच काहून नाही सांगितलं? मी समजून चालली का आपल्याले खेळता येत नव्हतं, उगीच आईच्या जिवाले घोर लावला. माह्या पोरीसाठी शाळेतून चिठ्ठी आली होती, फुटबॉलात नाव घालतो म्हणून. मी नाही म्हटलं. म्हटलं, आपल्या घरात नाही ते."

ती चिठ्ठी मीच पाठवली होती. पोरीला घरी काम असतं, असं उत्तर आलं होतं आणि मी ते खरं मानलं होतं.

उठताना मी म्हटलं, लेखात तुझं नाव बदलून टाकतो. तिने सूप पुन्हा हातात घेतलं होतं.

"नाव राहू द्या," ती म्हणाली. "अन् खूण केली होती, ते लिवा."